पहिलं काम कसं लागलं?

मी अठरा वर्षांची होते आणि माझं पुढं काय करायचं हा विषय आमच्या घरी रोज जेवताना निघायचा. त्याबद्दल कुणी माझ्याशी बोलत नसे, माझ्यासमोर बोलत. बाराव्या वर्षी लग्न झालं होतं. सासरी नांदायला जायच्या आधीच पटकीच्या साथीत नवरा गेला. त्याचा चेहरा मला आठवत नाही. मुंडावळ्यांच्या मागचं घामेजलेलं कपाळ तेवढं आठवतं.

माझे वडील, त्यांना आम्ही आबा म्हणायचो, कामशेत स्टेशनात काटेवाले होते. गाडीला एका रुळावरून दुसऱ्या रुळावर घ्यायचं असलं की दांडा ओढून काटा फिरवायचा, कंदील लावायचे, मास्तर सांगतील ते करायचं. स्टेशनामागं दोन खोल्यांचं क्वार्टर होतं. आमची भाताची खाचरं वडिवळ्याला, ती चुलते कसायचे. मी मराठी सातवी पास झाले होते, ती स्टेशन मास्तरांच्या बायकोमुळं. त्यांना मूलबाळ नव्हतं, दुपार जाता जात नसे, म्हणून त्यांनी मला शिकवलं. निकाल लागल्यावर त्यांनी पेढे वाटले आणि आईनं मला विचारलं, "आता ह्याचं काय करायचं गं?" मलाही माहीत नव्हतं.

त्या साली दिवाळी झाल्यावर चुलत्यांनी पवन मावळातलं एक स्थळ आणलं. आमच्यात विधवेचा पाट लागतो, म्हणजे दुसरं लग्न होतं. माणूस चाळिशीचा, बायको वारलेली, दोन पोरं, जमीन बरी. वाईट माणूस नव्हता तो. पुढं मी त्याला पाहिलाय. आबा हो म्हणाले नव्हते आणि नाहीही म्हणाले नव्हते. त्याच आठवड्यात बाई आल्या.

दुसरी लढाई सुरू व्हायच्या आधीची ही गोष्ट. बाई पुण्याच्या एका कॉलेजात शिकवायच्या. चाळिशीच्या, उंच, पायात कॅनव्हासचे बूट, खांद्याला पिशवी, हातात पुरुषी छत्री. आमच्या दारात उभ्या राहून त्यांनी सांगितलं, की मावळातली पोरंपोरी पहिल्यांदा कामाला लागतात ती कशी, कुणामुळं, कोणत्या वयात, याची त्या पाहणी करतायत. गावोगाव फिरून विचारायचं आणि लिहून घ्यायचं. त्यांना बरोबर एक बाईमाणूस हवं होतं, लिहिता येणारं आणि इथली बोली बोलणारं. मास्तरांनी आमचं घर दाखवलं होतं.

आबा मुंडासं बांधत होते. ड्यूटीची वेळ झाली होती. "इचारायचं आन् लिवायचं," ते म्हणाले, "हे काम झालं व्हय?"

"माझं तर हेच काम आहे," बाई म्हणाल्या. मग माझ्याकडं वळल्या. "तुला यायचंय का?"

मी आबांकडं बघितलं.

"त्यांना मी विचारणारच आहे. आधी तू सांग."

मी "व्हय" म्हणाले, ते इतकं हळू, की आईनं आतून विचारलं, "काय म्हनाली?" मग मला ते पुन्हा मोठ्यानं म्हणावं लागलं. आजवर मला कुणी काही विचारलं नव्हतं असं नाही. पाणी भरलं का, शेण टाकलं का, हे रोज विचारत. पण ज्याचं उत्तर विचारणाऱ्याला आधीच ठाऊक नाही असा प्रश्न मला त्या दिवशी पहिल्यांदा आला.

आबा गाडी घालवून परत आले आणि त्यांनी हो म्हणायला आणखी दोन दिवस घेतले. तीन महिने, आणि दर शनिवारी घरी यायचं, असं ठरलं. चुलते कुरकुरले तेव्हा आई एवढंच म्हणाली, "जाऊ द्या तिला. मी हाय की." तिच्या त्या 'मी हाय की'चा अर्थ मला तेव्हा कळला नाही. माझ्या वाटणीचं पाणी, शेण, दळण हे सगळं तीन महिने तिच्या अंगावर पडलं होतं.

लोणावळ्याला एका बंगल्याच्या मागं नोकरांसाठी बांधलेली एक खोली बाईंनी भाड्यानं घेतली होती. मालक मुंबईला, कारभार दिवाणजींकडं. खोलीत दोन बाजा, एक स्टोव्ह आणि एक पत्र्याची ट्रंक. ट्रंकेत छापील कागद. प्रत्येक कागदावर तेच तीसेक प्रश्न आणि प्रत्येक प्रश्नापुढं रिकामी जागा. पहिलं काम कोणतं? तेव्हा वय काय होतं? काम कोणी लावून दिलं? पहिल्या दिवशी कोण सोबत आलं? पुढं काय करावंसं वाटतं?

पहिले आठ दिवस मी नुसती चुकले. इंजिनांच्या शेडाबाहेर एक पोरगा भेटला. बाप इंजिनावर कोळसा मारायचा, याला मात्र कुठंच चिकटता येत नव्हतं. "आता विजेची इंजिनं आल्यात," तो म्हणाला, "मी काय मारू, माशा?" शेवटी तो एका बंगल्यात माळी म्हणून लागला होता. मी विचारलं, "ते काम कुनी लावून दिलं?"

"पोटानं," तो म्हणाला.

मी कागदावर लिहिलं, "स्वतः मिळवले." संध्याकाळी बाई कागद तपासायला बसल्या. त्यांनी विचारलं, "तो नेमकं काय म्हणाला?" मी सांगितलं.

"मग 'पोटानं' असंच लिही. त्याचा अर्थ काय लावायचा ते आपण मागाहून बघू. तो बोलला ते आधी कागदावर राहू दे."

त्यांची ती शिस्त कडक होती. खोडायचं नाही, सुधारायचं नाही, उत्तर आलं नाही तर तेच लिहायचं. त्यांना राग पटकन यायचा. एकदा माझ्या हातून दौत लवंडली तेव्हा दुपारपर्यंत त्या माझ्याशी बोलल्या नाहीत. चालताना त्या इतक्या भराभर चालत, की मी मावळातली असून मला धाप लागायची. आमचं तिखट त्यांना सोसत नसे. गावात कुणी जेवायला बसवलं तर डोळ्यांत पाणी येईपर्यंत खात आणि "छान झालंय" म्हणत.

लोक उलटं विचारायचे. एका गुडदाणीच्या, म्हणजे चिक्कीच्या, दुकानात गूळ ढवळणाऱ्या पोरानं विचारलं, "हे लिवून मला काय मिळंल?"

मला वाटलं, बाई आता सरकार, शाळा, असं काही सांगतील. त्या म्हणाल्या, "तुला काही मिळणार नाही. पुढं कुणाला तरी उपयोग होईल अशी आशा आहे, पण तीही खात्रीनं सांगत नाही. म्हणून तुला बोलायचं नसलं तर बोलू नकोस."

मी शरमून खाली बघितलं. आता हा काय बोलतोय, असं वाटलं. पोरानं कढईखालचं लाकूड मागं ओढलं, हात पुसले आणि म्हणाला, "मंग इचारा." त्यानं सगळ्या प्रश्नांची उत्तरं दिली आणि निघताना आमच्या हातावर गुडदाणीचा एकेक तुकडा ठेवला. नाही म्हटलं तरी ऐकेना.

महिनाभरानं आम्ही खेड्यांकडं वळलो. वडिवळ्याला चुलत्यांच्या ओट्यावर बसून घरोघरच्या माणसांना बोलावलं. भाताची झोडणी चालली होती, तरी माणसं आली. पोरांचे कागद भराभर भरले. पोरींचं विचारलं की बाप म्हणायचे, "ती काय करत न्हाई, घरीच असती." मी लिहायची, "काम नाही." कोण सोबत आलं, कोणी लावून दिलं, पुढच्या सगळ्या प्रश्नांपुढं मग आडवी रेघ.

तिसऱ्या दिवशी एक जण आपल्या लेकीबद्दल असंच सांगत होता. तेवढ्यात तीच लेक समोरून गेली. डोक्यावर गवताचा भारा एवढा मोठा, की खाली फक्त पाय दिसत होते. ती तो भारा कामशेतच्या बाजारात विकायला नेत होती. ते गवत पुढं आगगाडीनं मुंबईच्या गोठ्यांना जायचं. "ही बगा, हीच," बाप कौतुकानं म्हणाला, आणि मी लिहिलं, "काम नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी बाई ओट्यावर चहा पीत बसल्या होत्या, तेव्हा मी धीर करून म्हणाले, "बाई, आपले पोरींचे कागद खोटे हायेत."

त्यांनी कप खाली ठेवला. "म्हणजे?"

"आपण बापाला इचारतो. बाप न्हाई म्हनतो, कारण तिला कोन पगार देत न्हाई. पण ती लावणी करती, काटक्या आणती, भारा इकती. मीबी सात वर्षांची असल्यापासून शेण टाकती. मला कुनी इचारलं असतं तर मीबी 'काम न्हाई' म्हनले असते."

बाईंनी पिशवीतले कागद काढून चाळले. मला वाटलं, आता शनिवारची वाट न बघता मला घरी पाठवतात. त्यांनी विचारलं, "लोणावळ्यातले पोरींचे कागदही असेच झालेत?"

"व्हय. तितंबी आपण बापांनाच इचारलं."

"बांधून बाजूला ठेव ते सगळे," त्या म्हणाल्या. "पुन्हा जाऊ."

एवढंच. महिन्याचं काम वाया गेलं होतं आणि ते त्यांना एका काटेवाल्याच्या लेकीनं सांगितलं होतं. पुढं कामानिमित्त मी पुष्कळ शिकलेली माणसं पाहिली. आपलं चुकलं हे इतक्या थोड्या शब्दांत कबूल करणारं दुसरं कुणी मला भेटलं नाही.

आम्ही पुन्हा घरोघर गेलो. या वेळी बापाला ओट्यावर बाईंपाशी बसवायचं आणि पोरीपाशी मी जायचं, विहिरीवर, खळ्यावर, चुलीपुढं. "काम काय करतेस" असं विचारायचं नाही. विचारायचं, "काल उठल्यापासून काय काय केलंस?" तेवढं विचारलं की पोरी बोलायला लागत. काही जणी बोलता बोलता स्वतःच थांबून म्हणत, "लयच झालं की गं!" कागदाची पुढची बाजू पुरेना. मी मागच्या बाजूला लिहायला लागले.

याच फेरीत आम्ही खडीच्या खाणीवर गेलो. कामशेत आणि लोणावळ्याच्या मधे डोंगराच्या पायथ्याला ती खाण होती. डोंगरातल्या वाड्यांवरच्या पोरी तिथं खडी फोडायला यायच्या. दुपारच्या सुट्टीत मी त्यांच्यात जाऊन बसले. पंधरा-सोळा वर्षांची एक पोरगी होती, काळीसावळी, तरतरीत. डाव्या हाताच्या दोन बोटांना चिंधी गुंडाळलेली. नाचणीची भाकरी मोडून तिनं अर्धी माझ्या हातात दिली आणि मगच बोलायला लागली.

मुकादम त्यांच्या वाडीवर आला होता. सरकारी रस्त्याचं काम हाय, रोजच्या रोज मजुरी मिळंल, म्हणाला. सात पोरी त्याच्या मागं आल्या. इथं आल्यावर कळलं, की पहिला महिना शिकाऊ म्हणून फुकट राबायचं. मधेच सोडून गेलं तर पुढचंही बुडालं. तिसऱ्याच दिवशी हातोडी बोटांवर बसली.

"मग गेली का न्हाईस परत?"

"बोटं फुटली ती फुकट घालवू व्हय?" ती म्हणाली. मग माझ्या पेन्सिलीकडं बघून, "हे मुकादमाला कळंल का?"

"न्हाई कळनार."

"आन घे."

मी गळ्याला हात लावून शपथ घेतली. हे बाईंच्या नियमात बसत होतं की नाही मला माहीत नव्हतं. संध्याकाळी सांगितलं तेव्हा बाई म्हणाल्या, "बसतं. आता ती शपथ माझीही."

आम्ही पोरींशी बोललो हे मात्र मुकादमानं पाहिलं होतं. चौथ्या दिवशी खाणीचा ठेकेदार आमच्या खोलीवर आला. पांढरं धोतर, काळा कोट, हातात पेढ्यांचा पुडा. फार अदबीनं बोलला. आपण शिक्षणाचे चाहते आहोत, बाईंसारख्या विदुषी इकडं आल्या हे आमचं भाग्य, वगैरे. मग म्हणाला, "खाणीवरच्या पोरींचे कागद जरा नजरेखालून घालावेत म्हणतो. अडाणी पोरी, काहीबाही सांगतात. चुकलेलं असलं तर दुरुस्त करून देईन."

"कागद दाखवता येणार नाहीत," बाई म्हणाल्या. "तुमचं म्हणणं तुम्ही सांगा, ते मी वेगळ्या कागदावर लिहून घेते. तेही कुणाला दाखवणार नाही."

तो हसला. पेढ्यांचा पुडा बाजेवर ठेवून गेला. बाईंनी तो बागेतल्या माळ्याच्या पोरांना देऊन टाकला. दुसऱ्या दिवशी सकाळी दिवाणजी आले. भले गृहस्थ होते. मान खाली घालून म्हणाले, मालकांकडचे पाहुणे येणार आहेत, खोली आजच रिकामी करावी लागेल. बाईंनी कारण विचारलं नाही. आम्ही ट्रंक भरली. बाईंना पुण्याची गाडी दुसऱ्या दिवशीचीच सोयीची होती, आणि त्याआधी जायला एकच जागा होती.

आम्ही कामशेतला उतरलो. आबांना काय सांगायचं? हो म्हणायला त्यांनी दोन दिवस घेतले होते ते ज्या भीतीनं, तेच झालं होतं. आबा फलाटावरच होते. त्यांनी माझं तोंड पाहिलं, ट्रंक पाहिली, काही न विचारता ट्रंक खांद्यावर घेतली आणि घरात नेऊन ठेवली. आईनं बाईंना पाय धुवायला पाणी दिलं.

ठेकेदार दुपारी तिथंही आला. त्याची खडी रेल्वेच्या वाघिणींतून, म्हणजे मालडब्यांतून, जायची, स्टेशनावर त्याची रोजची ये-जा होती. तो आमच्या दारात उभा राहिला. आत बाई होत्या तरी बोलला आबांशीच.

"तुमची पोरगी कुठल्या भानगडीत पडलीय, माहीत आहे का? मला फक्त खाणीचे कागद बघायचेत. बाईमाणसाला व्यवहार कळत नाही, तुम्हाला कळतो. वरच्या साहेबांपर्यंत माझं जाणंयेणं आहे. तुमच्यासारख्या गरिबाला उगाच त्रास नको."

मी आत दाराच्या फटीशी उभी होते. बाई उठायला लागल्या, तशी आईनं त्यांचा हात धरून खाली बसवलं.

आबा तसे फार बोलणारे नव्हते. पण त्या दिवशी म्हणाले, "साहेब, मी काटेवाला. मास्तर सांगतील तसा काटा फिरवायचा. गाडीत कोन बसलंय, कुटं चाललंय, हे मी कवा कुनाला इचारलं न्हाई. त्या ट्रंकेतबी लोकंच हायेत. बाईंच्या सोबत चालल्यात. त्यांना मधेच उतरवायचा हुकूम मला कुनी दिलेला न्हाई."

"विचार करा."

"केला."

ठेकेदार गेला. आबा मागं वळले. त्यांनी मुंडासं सोडून पुन्हा बांधलं आणि मला म्हणाले, "बाईंना च्या दे की. बगत काय ऱ्हायलीस?"

दुसऱ्या दिवशी त्यांनी ट्रंक स्वतः गाडीत चढवली आणि गार्डाला दोनदा बजावलं. आबांच्या नोकरीला पुढं काही झालं नाही. पण काही होईल या धास्तीनं ते महिनाभर वर्दीची बटणं जरा जास्तच घासत होते. ते त्यांनी कधी बोलून दाखवलं नाही आणि मीही कधी विचारलं नाही. आता वाटतं, विचारायला हवं होतं.

बाई पुण्याला जायच्या आधी तासभर ओट्यावर बसल्या होत्या. त्यांनी एक कोरा कागद काढला. "एक राहिलाय," म्हणाल्या. "तुझा."

मला हसू आलं. पण त्या खरोखरच पेन्सील घेऊन बसल्या होत्या. पहिलं काम कोणतं? मी सांगितलं, शेण टाकणं. तेव्हा वय? सात असंल. मग शेवटचा प्रश्न आला, पुढं काय करावंसं वाटतं? इतक्या जणींना मी तो विचारला होता. कुणी म्हणाली होती, शाळेत जावंसं वाटतं. कुणी म्हणाली, लगीन. बऱ्याच जणी नुसत्या हसल्या होत्या.

"हेच," मी म्हणाले. "हे इचारत फिरायचं."

त्यांनी ते लिहिलं. मग कागद हातात धरून उठल्या आणि रुळांच्या फाटकाशी उभ्या असलेल्या आबांकडं गेल्या. दोघं काय बोलले ते मला ऐकू आलं नाही. आबा बराच वेळ रुळांकडं बघत होते. रात्री जेवताना माझा विषय निघाला, पण त्या दिवशी पहिल्यांदा आबांनी मलाच विचारलं, "जाशील व्हय पुण्याला?"

पाटाचं मोडलं. चुलत्यांनी आबांशी बोलणं टाकलं आणि ते पुढं तीन-चार वर्षं टाकलेलंच राहिलं. मग एका संक्रांतीला ते स्वतःच आंबेमोहोराचं गाठोडं घेऊन पुण्याला माझ्या दारात उभे राहिले आणि "तांदूळ नवा हाय, पानी बेतानं घाल," एवढं म्हणून बसले. त्यांच्यावर माझा राग कधीच नव्हता. त्यांना माझं बरंच करायचं होतं. फक्त ते मला विचारायला विसरले होते.

पुण्यात मी बाईंच्या घरी राहिले. वर्षभर आम्ही ते कागद लावले. पोरांचे, पोरींचे, शहरातले, खेड्यातले. 'पोटानं' म्हणणारे किती निघाले म्हणता! बाईंनी त्यांचा वेगळा गठ्ठा केला. पुस्तक इंग्रजीत निघालं. मला इंग्रजी येत नव्हतं. बाईंनी प्रस्तावनेतल्या दोन ओळी मला मराठीत सांगितल्या: मुलींच्या कामाचं प्रकरण माझ्या मदतनीस मुलीच्या एका वाक्यामुळं पुन्हा लिहावं लागलं, आणि तेच या पुस्तकातलं सगळ्यांत खरं प्रकरण आहे. मी त्या ओळींवर बोट ठेवून किती वेळा ती न कळणारी अक्षरं पाहिली असतील.

ते पुस्तक घेऊन मी एकदा डोंगरातल्या त्या वाडीवर गेले. खाणीवरची पोरगी आता लेकुरवाळी झाली होती. रस्त्याचं काम संपलं तसा ठेका संपला होता आणि सगळ्या जणी घरी परतल्या होत्या. पाहणीमुळं तिचं काही भलं झालं, असं मला म्हणता येणार नाही. बाईंनी ओळींना खुणा करून दिलेलं पान उघडून मी तिला तिचा मजकूर मराठीत सांगितला. बोटांचं, फुकट महिन्याचं, सगळं त्यात होतं. फक्त भाकरीचं नव्हतं.

तिनं विचारलं, "माजं नाव कुटंय ह्यात?"

"नाव न्हाई. कुनाचंच न्हाई. मुकादमाला कळू नये म्हणून."

"मुकादम तर मागच्या साली मेला." ती हसत सुटली. "आता लिवा की!"

"छापून झालंय गं."

"मंग ऱ्हाऊ द्या." पण तिनं शेजारणीला हाक मारली, पानावर बोट ठेवलं, चुकीच्याच ओळीवर, आणि म्हणाली, "ही बग, ही मी." मी ओळ दुरुस्त केली नाही. तिनं मला परतताना पोटभर करवंदं दिली, पळसाच्या पानात बांधून.

लढाईच्या दिवसांत रेशनिंग आलं तेव्हा घरोघर जाऊन माणसांची नोंद करणाऱ्या बायका हव्या होत्या. मला ते काम सहज लागलं. नंतर निरनिराळ्या पाहण्यांवर मी तीस वर्षं काम केलं. मजूर वस्त्या, हातमाग, दाया. हजारो उंबऱ्यांवर बसले. कुणी हाकललं असं क्वचितच झालं. आधी पाणी देत आणि मग बोलत. ज्यांच्याकडं वेळ सगळ्यांत कमी होता ती माणसं सगळ्यांत जास्त वेळ देत. त्या सगळ्यांच्या उत्तरांवर माझा संसार चालला, आबांचं म्हातारपण गेलं, आईच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं.

बाई निवृत्त झाल्यावर लोणावळ्यालाच येऊन राहिल्या. त्यांना ऐकू कमी यायला लागलं होतं, तरी मी गेले की समोर बसवून सगळं विचारत. एकदा मी त्यांना विचारलं, इतक्या मावळात तुम्ही मलाच कसं निवडलंत? मला वाटलं, त्या माझ्या अक्षराबद्दल, नाहीतर माझ्या धिटाईबद्दल काही म्हणतील.

"निवडलं कुठं?" बाई म्हणाल्या. "मास्तरांनी आधी दुसऱ्याच एका मुलीचं घर सांगितलं होतं, बाजारपेठेतल्या. मी तिथं गेले, तर ती तिकोणा पेठेला लग्नाला गेलेली. चार दिवसांनी येणार होती. मला चार दिवस थांबायचं नव्हतं."

आम्ही दोघी खूप हसलो. ती मुलगी कोण, मला कधीच कळलं नाही. ते लग्न कुणाचं होतं, तेही नाही. त्या वऱ्हाडाचं भलं होवो, एवढं मात्र मी त्या दिवशी मनापासून म्हटलं. बाईंना ते ऐकू आलं नाही. त्या म्हणाल्या, "काय म्हणालीस?" मी मोठ्यानं सांगितलं, आणि त्यांनी चहा टाकायला सांगितला.